जोडीचा कंद

२४ ऑगस्ट
दुपारी अकोल्याहून बसने आले. बार्शीटाकळीच्या पुढे फाट्यावर पार्बताबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. माझा धाकटा भाऊ शेखर त्यांच्याच घरी भाड्याने राहायचा. त्यांनी गरम भाकरी आणि झुणका वाढला. मीही शेखरसारखी मिरची ताटाबाहेर काढून ठेवते, हे बघून खूप हसल्या. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शेखर जाऊन वर्ष झालं. तो तलावाखालच्या दलदलीत सापडला, तेव्हा दोन्ही हात मनगटापासून नव्हते. कोल्ह्यांनी नेले असतील, असं सांगण्यात आलं. त्याच्या वहीत दलदलीतल्या एका पांढऱ्या ऑर्किडचं चित्र आहे. नावाची जागा कोरी आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. तेवढी जागा भरावी म्हणून रजा काढली.

२७ ऑगस्ट
फूल सापडलं! चिखलातून गुडघाभर दांडा, त्यावर अठरा फुलं. खालच्या पाकळीला तीन फाटे, मागे बारीक लांब शेपूट. पुस्तकातल्या दोन जातींशी जुळतं. त्यांच्यात फरक फक्त कंदाचा, म्हणजे उकरावं लागणार.

गवत कापायला आलेल्या देवमनकाकांनी हटकलं. या झाडाला खाली दोन कंद असतात, एक जुना, एक नवा. इथले लोक औषधाला जुना घेतात आणि नवा परत चिखलात दाबतात. जोड कोणी नेत नाही. “तुया भावाले सांगतलं होतं मी. म्हणे, काका, अभ्यासाले दोन्ही लागते. तू तं आयक वं माय.”

मी हो म्हटलं.

२९ ऑगस्ट
उकरलं. दोन्ही कंदांना पाच-पाच बोटं. असं पुस्तकात कुठेच नाही. जुना सुरकुतलेला, उजव्या हातासारखा. नवा भरलेला, डाव्यासारखा. त्याची करंगळी बाहेर वाकलेली आहे.

लहानपणी माझ्याकडून दारात शेखरची करंगळी चेंगरली होती. ती अशीच वाकडी राहिली.

एक परत ठेवायचा होता. त्याचा कुठला हात ठेवणार? दोन्ही आणले. परातीत धुतले, पुसले.

३० ऑगस्ट, सकाळ
जुना कंद माझ्या उजव्या मनगटाला. बोटं आवळलेली. मुळं कातडीत शिरलीत. ओढलं तर मांस

३० ऑगस्ट, दुपार
डाव्या हाताने लिहिते आहे. कंदाने आवळून मनगटाचं हाड मोडलं तेव्हा ओरडले. पार्बताबाई देवमनकाकांना घेऊन आल्या. तोंड फिरव माय, म्हणाले. कुऱ्हाडीचे दोन घाव.

माझा हात कंदासकट पोत्यात घालून ते दलदलीकडे गेले — परत द्यायला. दुसरा कंद कुठं आहे, विचारत होते. सांगितलं नाही. उजवा गेला. डावा तरी माझ्याजवळ राहू दे. उशीखाली आहे.

पार्बताबाई गाडी आणायला गेल्यात. फडकं भिजून गळतंय —

त्याची वही उघडली. नावाच्या जागी लिहिलं. शेखर.

उशी हलली.

मनगटाला गार — सोड रे — ताई आहे मी, शेख