दोन आठवड्यांत सुटते म्हणे

३ जुलै २००९, शुक्रवार

सकाळपासून सहा. मोजतोय, कारण मुग्धानं मोजायला सांगितलंय. सहा झाल्या आणि अजून अकराच वाजलेत.

मुग्धा आणि ईशानी शारजाहहून पुण्याला गेल्याला आज आठवडा झाला. एअरपोर्टवर मुग्धा भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. बॅगा देऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "ईदनंतरचं तिकीट आहे. तोवर तू सोडली नाहीस तर मी तिकडेच शाळा बघते. पोरीचा खोकला आता मला ऐकवत नाही."

ईशानी आठ वर्षांची. जानेवारीपासून खोकतेय. मी घरात ओढत नाही, बाल्कनीत ओढतो, दार लावून. पण मुग्धाचं एकच — "धूर काय दाराला विचारून आत येतो?"

पूर्वी दिवसाला पाच होत्या. नोव्हेंबरात कंपनीचे दोन टॉवर थांबले, माणसं कमी करायला लागले, तेव्हापासून वीस. एचआरवाला गुरुवारी बोलावतो. म्हणून बुधवारी पंचवीस!

५ जुलै

लियाकतला सगळं सांगितलं. लियाकत दाभोळचा. ऑफिसात मी एस्टिमेशनला, तो ड्रॉइंगला. आठ वर्षं आम्ही एका गाडीतून शारजाह ते अल कुसैस जातो-येतो आणि एका लायटरवर ओढतो. म्हणाला, "माझा मेहुणा शाहबाज चायनाहून माल आणतो. त्याच्याकडे बॅटरीची सिगारेट आलीय. इथे दुकानात नाही मिळत. ती ओढ. दोन आठवड्यांत खरी सुटते म्हणे."

दीडशे दिरहम. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. लियाकतला म्हटलं, एवढ्यात महिन्याची येते. तो म्हणाला, "मग महिन्याची घे आणि बायकोला तिकडेच राहू दे."

घेतली.

६ जुलै

दिसायला हुबेहूब सिगारेट. ओढली की टोकाला लाल दिवा लागतो, तोंडातून वाफ येते. चव — गोड काहीतरी करपल्यासारखी. घसा धरत नाही. हाताला बरं वाटतं, छातीला काहीच कळत नाही.

१९ जुलै

दोन आठवडे झाले. सुटली नाही.

आता दोन्ही चालू आहेत. ऑफिसच्या मागे खरी, टेबलापाशी बॅटरीची. आधी जागेवरून उठून जावं लागायचं, आता तेही नाही. काल हिशेब केला तर खऱ्या चौदा आणि ही दिवसभर. मुग्धाला फोनवर म्हणालो, "सातवर आलोय." का म्हणालो? चौदाचं अर्धं सात, एवढंच सुचलं.

मागे ईशानी खोकत होती. विचारलं. मुग्धा म्हणाली, "इतक्या महिन्यांचा धूर आहे छातीत, लगेच जाईल का?"

जेवण गेलं नाही.

२३ जुलै, गुरुवार

आज चौघांना बोलावलं. मला नाही, लियाकतला नाही. पाच वाजता दोघं मागच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. बेचाळीस डिग्री, सावलीतसुद्धा शर्ट अंगाला चिकटलेला. लागोपाठ तीन ओढल्या. बॅटरीची खिशातच होती, आठवणसुद्धा झाली नाही.

घरी येताना अन्वरच्या ग्रोसरीत दूध घ्यायला गेलो. बिल्डिंगखालीच दुकान आहे त्याचं. मला बघितलं की तो न विचारता पाकीट काढून काउंटरवर ठेवतो. आजही ठेवलं. मला त्याचाच राग आला. पाकीट घेतलं आणि दूध विसरलो.

३१ जुलै

अकरा.

७ ऑगस्ट

पुण्यात स्वाइन फ्लू. टीव्हीवर दिवसभर तेच. शाळा बंद करणार म्हणतात. मुग्धाला फोन केला, म्हटलं लगेच निघून या. ती म्हणाली, "खोकणाऱ्या पोरीला एअरपोर्टवर अडवतात. आणि आलो तर कुठे येऊ? तिथे तुझा धूर, इथे हा ताप. तूच सांग."

फोन ठेवला आणि बाल्कनीत गेलो. हे मी कुणालाच सांगणार नाही, इथेच लिहून ठेवतो — पोरीच्या काळजीनं मी सिगारेट पेटवली.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आज कॉम्प्युटरवर कॅमेरा लागला. दीड महिन्यानं तोंड बघितलं दोघींचं. ईशानी मास्क लावून बसली होती, मला दाखवायला. हिरवा. कानामागे दोरी नीट बसत नव्हती म्हणून मुग्धा मागून गाठ मारत होती. ईशानीची पोटभर बडबड चालली होती, मी ऐकत होतो, आणि हात आपोआप तोंडाकडे गेला. बॅटरीची.

"बाबा, इज दॅट अ सिगारेट?"

"नाही गं राणी. ही इलेक्ट्रिकची आहे. खेळण्यासारखी."

"बट इट्स गॉट फायर."

मी शहाणा! म्हटलं, दाखवतोच तुला, धूर नसतो, वाफ असते. आणि कॅमेऱ्यापुढे भलीमोठी सोडली. पडद्यावर धूर आणि वाफ काय वेगळी दिसणार? ईशानीनं मास्क वर ओढून डोळ्यांपर्यंत नेला. पुण्यात बसून! मुग्धानं हात पुढे केला आणि कॅमेरा बंद केला.

मग फोनवर — "काडी लावत नाहीस, एवढंच ना?"

म्हटलं, "अगं, ह्यानंच सुटणार आहे."

"दोन आठवड्यांत सुटणार होती. सहा झाले. आणि खरं सांग, दुसरी किती?"

"नऊ." ह्या वेळी खरं सांगितलं. ती म्हणाली, इथल्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय.

१५ ऑगस्ट

नऊ. रागानं अकरा व्हायच्या होत्या, पण नऊच.

२२ ऑगस्ट

रमझान सुरू. आता महिनाभर दिवसा उघड्यावर खाणं, पिणं, ओढणं कुणालाच नाही, रोजा असो वा नसो. ऑफिसची मागची बाजू ओस. आणि उद्या गणपती.

दुपारी रोल्लाच्या बाजारात जाऊन कापूर, वाती, उदबत्तीचा पुडा, झेंडूचा एक वाळका हार आणला. मूर्ती नाही, सुपारीचाच बसवणार. दीड दिवस. मुग्धा असती तर एकवीस मोदक झाले असते. मी पेढ्यांवर भागवणार.

२३ ऑगस्ट

गणपती बसला. देव्हारा ईशानीच्या खोलीत आहे, तिच्या पलंगाच्या डोक्याशी, कपाटाच्या फळीवर. ह्या फ्लॅटमध्ये पूर्व फक्त तिथेच सापडते. मुग्धा लावते तशा दोन उदबत्त्या लावल्या आणि एकट्यानं आरती म्हटली. टाळ्या वाजवायला कोणी नाही, म्हणून घंटा जोरात वाजवली. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं असेल माणूस वेडा झाला.

आरती झाली, आणि पाय बाल्कनीकडे वळले. दारापर्यंत गेलो. म्हटलं, पाहुणा घरात आहे. दीड दिवस तरी थांब, मेल्या.

थांबलो.

२४ ऑगस्ट

आज एकही नाही. खरी एकही नाही!

संध्याकाळी बादलीत सुपारीचं विसर्जन केलं आणि ओल्या हातानंच मुग्धाला फोन लावला. तीही काहीतरी सांगायला लागली होती — "ईशानीला आज डॉक्टरकडे नेलं होतं, फ्लू नाहीये. अरे, पण डॉक्टर म्हणाले —" मला धीर नव्हता. मध्येच बोललो, "मुग्धा, आज शून्य. अकरा वर्षांत पहिल्यांदा." ती थांबली. मग म्हणाली, "खरंच?" आवाज अगदी कॉलेजातला. विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "काही विशेष नाही. औषध दिलंय. तू बोल."

मग मीच अर्धा तास बोललो.

२६ ऑगस्ट

आज लाज वाटली. लिहून मोकळा होतो.

रमझानमुळे ऑफिस तीनला सुटतं. अल नहदाच्या सिग्नलला गाडी अडकली. लियाकत चालवत होता, पहाटेपासून त्याच्या पोटात पाणी नाही, ओठ सुकलेले. आणि मी त्याच्या शेजारी बसून बॅटरीची काढली आणि ओढली. हिला कायदा लागू नाही, असं माझं गणित. धूरच नाही तर कसलं ओढणं?

शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघायला लागला. लियाकतनं त्याला हात जोडले. मला म्हणाला, "खिशात टाक."

"अरे, वाफ आहे ती."

"वाफ असो की वारा, हबीबी, तोंडात घातलीस ना?" आवाज चढवला नाही. सिग्नल सुटला, गाडी पुढे काढली, मग म्हणाला, "तू सिगारेट सोडलीच नाहीस. चार्जरला लावून ठेवलीयस."

मला झोंबलं. बिल्डिंगखाली उतरताना मीच म्हटलं, "माफ कर. भान राहिलं नाही." तो म्हणाला, "मी अकरा महिने तुझ्याइतकीच ओढतो. बाराव्या महिन्यात दिवसा आठवणसुद्धा होत नाही. कारण ठरलेलं असतं, संध्याकाळपर्यंत नाही म्हणजे नाही. तुझं काही ठरलेलंच नसतं. उद्यापासून माझ्याबरोबर थांब. जेव तू, पाणी पी. फक्त ते बॅटरीचं नळकांडं घरी ठेवून ये."

२७ ऑगस्ट

घरी ठेवलं. तीन वाजेपर्यंत दात शिवशिवत होते. दोन पेन्सिली चावल्या. एका कोटेशनमध्ये शून्य जास्त पडलं, लियाकतनं पकडलं. संध्याकाळी त्याच्याकडेच गेलो. बांग झाली, त्यानं खजूर खाल्ला, पाणी प्यायला, आणि मग खिशातून पाकीट काढलं. माझ्याकडे बघितलं. परत खिशात ठेवलं.

"ओढ की."

"नंतर ओढतो," म्हणाला. त्याच्या बायकोनं, शहनाझनं, मला बळंच दोन सांदणं वाढली.

४ सप्टेंबर

दिवसा काही नाही. संध्याकाळी बॅटरीची, दहा-बारा झुरके. खरी शून्य, बारावा दिवस.

झोप नाही, राग फार. लिफ्टवर राग, एसीवर राग, मुग्धाच्या फॉर्मवर राग. विचारलं, शाळेत फॉर्म दिलास का? म्हणाली, "नाही अजून." ईशानीचा खोकला पुष्कळ कमी आहे म्हणे. म्हणजे माझ्यामुळेच होता तर. इथून गेली, बरी झाली. सरळ आहे. बाल्कनीतली खुर्ची उचलून खाली कचऱ्यापाशी ठेवून आलो.

१० सप्टेंबर, गुरुवार

मला बोलावलं. पगार वीस टक्के कमी, सही करा नाहीतर नोटीस. सही केली. बाहेर आलो. बिल्डिंगच्या मागे गेलो. तिथे रिकाम्या भिंतीपाशी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. मग आत येऊन चहा प्यायलो — लियाकतकडे पाठ करून.

२० सप्टेंबर

ईद. लियाकतकडे शीरखुर्मा. बॅटरीची चार दिवस चार्जच केलेली नाही. शाहबाजला परत देऊ का म्हटलं, तर हसला, "तोंडातला माल परत घेत नाही." त्याला सांगितलं, गिऱ्हाइकाला दोन आठवडे सांगू नकोस, अडीच महिने सांग. म्हणाला, मग घेणार कोण?

२५ सप्टेंबर, शुक्रवार

आल्या!

पडदे धुतले, सोफा दोनदा पुसला, बाल्कनी फिनाइलनं घासली. ईशानी चप्पल न काढता खोलीखोलीत हुंगत फिरली. शेवटी निकाल दिला, "बाबा, इट स्मेल्स लाइक नथिंग." एकदाही खोकली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

मुग्धानं शाळेचा फॉर्म बॅगेतून काढून फाडला. संध्याकाळी देवापुढे नुसतं निरांजन लावलं. दमली असेल.

२७ सप्टेंबर

आजही नुसतं निरांजन. विचारलं, उदबत्त्या संपल्या का? अख्खा पुडा आहे की, मी रोल्लाहून आणलेला.

मुग्धा पलंगावर बसली. म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं होतं, पोरगी झोपते त्या खोलीत काही जाळता का? आईकडेही आम्ही देवाच्या खोलीतच झोपायचो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, दारं-खिडक्या बंद. त्या बंद केल्या आणि दहा दिवसांत खोकला गेला. तुला बोल लावत राहिले, आणि लावत मीच होते, तिच्या उशाशी."

"कधी कळलं?"

"चोवीस ऑगस्टला. सांगतच होते. तू म्हणालास, आज शून्य." मग माझ्याकडे न बघता, "तेव्हा सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

चप्पल घालून खाली उतरलो. अन्वरनं मला बघून पाकीट काउंटरवर ठेवलं. किती वेळ उभा होतो माहीत नाही. ते तिथेच ठेवून वर आलो. मुग्धा अजून पलंगावरच बसली होती.

"नसती सोडली," म्हणालो.