नाव बदललं, पन दार तेच

बेलापूर

सम्राट भावजींना वहिनीचा जयभीम.

संगमनेरात तब्येत कशी हाय, मेसचं जेवन सोसतंय का? हितं समदी बरी हायेत. बाळाला खालचे दोन दात आलेत, पयला चावा मलाच घेतला. मी तेवढी बरी न्हाई, त्याचं कारन खाली लिहिते. सातवीपतुर शिकलेय, चुकलं तर समजून घ्या.

तुमी म्हनला हुता, वहिनी माझा ब्लॉग वाचा आन काय वाटलं ते कळवा, कालेजच्या सरांनी वाचकांचं मत आनायला सांगितलंय. फोनवर सांगावं तर फोन तुमच्या भावाचा, आन आत्याबाई (म्हंजी तुमची आई) कायम कानाशी. म्हनून कागदावर लिहिते. लेख चांगला हाय. 'बालसंगोपनातील पारंपरिक दृष्टिकोन' म्हंजी काय ते कळलं न्हाई, पन त्याखाली माझंच बोलनं हुतं ते समदं कळलं. मी डोळ्यांत पानी आनून बोलले असं तुमी लिहिलंय. भावजी, मी कांदा चिरत हुते. तुमी समोरच बसला हुता, भजी त्याचीच खाल्ली. कांदा लिहायचा की.

आन मी तुमाला इस्वासानं सांगितलं, की आत्याबाई बाळाला गुटी उगाळून देत्यात, त्यात जायफळ जास्त पडतं, एकदा बाळ दिवसभर उठलंच न्हाई, तवा मी दवाखाना गाठला. दवाखान्यातली सिस्टर म्हनली गुटी बंद कर (हे आत्याबाईंना सांगायची माझी छाती न्हाई), म्हनून मी वाटी घिऊन मागच्या दारी जाते आन कढीपत्त्याच्या बुडाला ओतते. तुमी नाव छापनार न्हाई म्हनला हुता. न्हाई छापलं, खरं हाय. पन भोवती काय लिहिलं? गिरनीसमोरचं निळं दार, गालावर तीळ, आठ महिन्यांचं पोरगं. आता गिरनीसमोर दुसरं निळं दार मी कुठनं आनू?

त्यात नाव ठेवलं लंकाबाई. तुमाला वाटलं जुनं नाव हाय, आता कुनाचं नसंल. पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या लंकाबाई इसरला का? त्यांच्या सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलं, तशा त्या सुनेला घिऊन तडक आपल्या दारात. "ह्या वयात माझ्या पदरात आठ महिन्यांचं पोर कुनी घातलं?" मालक जाऊन किती वरसं झाली ते बी सांगितलं. (गिरनीवाल्यानं गिरन बंद करून ऐकलं.) मग आत्याबाईंनी त्यांना बसवलं, मला च्या ठेवायला लावला आन सुनेकडनं सारा लेख वाचून घेतला. च्या उतू गेला तरी मी जागची हालले न्हाई. आत्याबाई उठून मागं गेल्या, कढीपत्त्याकडं लई येळ बघत ऱ्हायल्या, आन "तरीच," म्हनल्या. एवढंच. (झाड खरंच फोफावलंय, शेजारनी फांद्या मागून नेत्यात.)

तवापासनं माझ्या जिवाला घोर हाय. ओरडल्या असत्या तर बरं हुतं. आता मलाच लंकाबाई म्हनत्यात. लंकाबाई च्या ठेवा, लंकाबाई तुमचं पोर रडतंय. तुमचे भाऊ नुसतं हसत्यात. तवा हात जोडून सांगते, त्यो लेख काढून टाका, न्हाईतर निदान दाराचा रंग बदला. सरांना माझं मत एवढंच सांगा, पोरगं हुशार हाय, पन त्याला गुपित सांगू नका.

तुमची वहिनी,
अश्विनी

ता.क. पाकीट चिकटवत हुते तवर आत्याबाई सहान घिऊन बसल्या. गुटी उगाळली, वाटी माझ्याम्होरं धरली आन म्हनल्या, "लंकाबाई, जायफळ न्हाई घातलं आज. सिस्टरला इचारून या, चालंल का. तवर झाडाला घाला." त्यांच्यादेखत घातली. तर लेख काढू नका.

ता.क. दुसरा. आता एक लेख तुमच्या भावावर लिहा. बाळ रडलं की त्ये कसं झोपेचं सोंग घेत्यात ते मी सांगते, कांदा न चिरता. त्यात नाव बदलू नका.