बास म्हणेपर्यंत

प्रिय ठमे,

मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसली आहेस, हे बाबांकडून कळलं. रुसवा जरा बाजूला ठेव आणि घरची ताजी बातमी ऐक. तुझ्या बाबांनी गाणेबाईंच्या उभ्या गाडीला धडक दिली. घाबरू नकोस, कुणाला खरचटलंही नाही. समोर राहायला आलेल्या, गाण्याचे वर्ग घेणाऱ्या बाई त्या. त्यांच्या दाराला पोचा आला, आपला मागचा दिवा फुटला, एवढंच.

आमची गाडी मागे घ्यायची पद्धत तुला ठाऊकच आहे. मी मागे उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचं आणि 'बास' म्हटलं की बाबांनी ब्रेक दाबायचा. आरसा त्यांना फक्त भांग पाडायला लागायचा, आणि आता तर भांगही उरला नाही. आईने 'बास' म्हटलं नाही तर बाबा असेच उलटे परगावी पोचतील, अशी तू टिंगल करायचीस. त्या सकाळीही मी तिथंच उभी होते. 'येऊ द्या' कसंबसं फुटलं. 'बास' म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. पुन्हा उघडलं. हात हलवले, पण ते बघतात कुठे? डिकीवर थाप मारेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाबा उतरले ते तोंडाचा पट्टा सुरू करूनच. तोंडाला कुलूप लावलं होतंस का, म्हणाले. घसा तर माझा कितीतरी महिने बसलेलाच होता. गुळण्या करायच्या, मध चाटायचा आणि काणाडोळा करायचा, हे आम्ही दोघांनी मिळून केलं. तेवढ्यात गाणेबाई तणतणत आल्या. मी माफी मागायला गेले तर नुसती हवा बाहेर पडली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पोच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कधीपासून असं होतंय, एवढंच विचारलं आणि त्याच चेपलेल्या दारातून मला आत बसवून डॉक्टरांकडे नेलं.

गॅरेजवाल्याने दार ठोकून सरळ केलं, रंगही असा जुळवला की पोचा शोधून सापडत नाही. मागे काही आलं की वाजणारं यंत्र आपल्या गाडीला बसवून देतो, म्हणाला. तुझे बाबा त्या बिचाऱ्यावर असे खेकसले की मलाच लाज वाटली. तेव्हापासून आपली गाडी भिंतीला नाक लावून उभी आहे. ते रोज ती पुसतात आणि घरात येऊन बसतात. कुलूप म्हणाल्याचं त्यांच्या मनातून जात नाही.

माझं त्या पोच्यासारखं नाही गं. घशात गाठ आहे, वाईट निघाली आणि फार पसरली आहे. सोमवारी श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडणार, मग उरलासुरला आवाजही जाईल. त्याने मी वाचेन असं डॉक्टरही म्हणत नाहीत, आणि मलाही आशा वाटत नाही. तुला सांगू नका अशी शपथ मीच बाबांना घातली होती. फोन उचलून तुला काय ऐकवणार होते? सकाळी गरम पाणी प्यायले की अजून एखादा शब्द फुटतो. तो मी तुला हाक मारायला ठेवला आहे. सोमवारच्या आत ये. दवाखान्यात जायला गाडी तुलाच मागे घ्यावी लागेल. मी मागे उभी राहीन. तू मात्र आरशात बघ.

तुझीच, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेली,
आई