भट्टीचं कर्ज अखेर मला मिळालं!

असोळणे, गोवा

प्रिय कासिमीरबाब,

सायबीणमाउलीचा हात तुझ्या पाठीवर असो. कुवेतच्या उन्हात डोक्यावर टोपी घालतोस ना? वहिनीची कंबर कशी आहे? इथे आम्ही सगळे मजेत. आई रोज संध्याकाळी तुझ्यासाठी प्रार्थना म्हणते आणि ती संपली की तू फोन करत नाहीस म्हणून तुला शिव्या घालते.

आता आनंदाची बातमी. मी अपील जिंकले. पावाच्या भट्टीचं सगळं कर्ज माझ्या डोक्यावर आलं!

तू कपाळाला हात लावशील, म्हणून नीट सांगते. घटस्फोट देताना खालच्या कोर्टाला माझी दया आली. बाईमाणसावर बोजा नको, म्हणून साहेबांनी भट्टीचं कर्ज आणि पिठाची उधारी एवारिस्तच्या नावावर टाकली, आणि कर्जाबरोबर भट्टीही त्यालाच देऊन टाकली. माझ्या वाट्याला घर आणि शांतता. गावाने माझं अभिनंदन केलं. मी मात्र घरी येऊन ढसाढसा रडले. इतकी वर्षं त्या भट्टीत पाव भाजले ते मी, नवऱ्याने फक्त लोकांच्या लग्नांत गाणी म्हटली (आवाज गोड आहे, ते मी कोर्टातही नाकारलं नाही).

मग एवारिस्त पाव भाजायला लागला. काय सांगू बाब! पहिल्याच आठवड्यात पाद्रीबाबांचा दात हलला. गिऱ्हाइकं भांडायला माझ्या दारात, जणू ते धोंडे मीच भाजले होते. शेवटी मी वकील गाठला. आमचे कुंडईकर वकील चष्मा काढून म्हणाले, "बाई, लोक कर्ज टाळायला अपिलात जातात. तुम्ही मागायला निघालात?" म्हटलं, "भट्टी हवी तर कर्जही हवं. दोन्ही मागा."

एवारिस्तही हट्टाला पेटला. "माझं कर्ज मी कोणाला देणार नाही!" असं दारूच्या दुकानात छाती ठोकून सांगत सुटला, जसं काही आजोबांनी ठेवलेलं सोनं. सुनावणीच्या दिवशी कुंडईकरांनी पिशवीतून त्याचा पाव काढला आणि टेबलावर ठेवला (खरं म्हणजे हातातून निसटला). असा दणका बसला, की डुलक्या काढणारा शिपाई ताडकन उभा राहिला. जज्जबाईंनी तोंडाला रुमाल लावला. आणि खदखदून हसला कोण, तर एवारिस्त! हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "बाईसाहेब, देऊन टाका तिला. मी स्वतः शेजारच्या गावातून पाव आणून खातो."

मग काय! भट्टी, तिचं कर्ज आणि उधारी माझी. मोटरसायकल आणि तिचे हप्ते त्याचे. त्याच दुपारी मी भट्टी पेटवली. पहिल्या पावांचा वास सुटला आणि सबंध रस्ता दारात जमला. पाद्रीबाबाही आले, दुसऱ्या बाजूच्या दातांनी खाल्ले. इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

वहिनीला सांग, कंबरेला तेल लाव.

तुझी धाकटी,
एर्मेलिंदा

ता. क. कर्ज माझ्या नावावर करायला सोसायटी दोन जामीनदार मागते. पहिलं नाव तुझं दिलंय. तू हो म्हणालास, असं आईला सांगूनही झालंय, तेव्हा आता नाही म्हणू नकोस.

आणखी एक. दुसरा जामीन एवारिस्त. आपणहून आला. सध्या मोटरसायकलवरून माझे पाव घरोघर पोचवतो, गात गात, खप वाढलाय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "तुमचं नातं काय?" तो म्हणाला, "नवरा." मी म्हटलं, "पाववाला लिहा." ते बिचारे दोन्ही लिहून मोकळे झाले.