बाळाचं नाव, लॅपटॉपवरून

४ फेब्रुवारी २००८
अमेरिकेतून दादाचं पार्सल आलं. लॅपटॉप आणि वायरलेसची डबी. रविवारी त्याच्या बाळाचं बारसं. म्हणे आत्याने इथूनच लॅपटॉपवरून नाव सांगायचं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत स्वतः आला नाही, आता यंत्रं पाठवतो. आई मात्र पार्सलची चिकटपट्टीसुद्धा जपून सोडवत होती.
नाव ईमेलने कळवणार. म्हणजे मी फक्त वाचायचं!

५ फेब्रु.
देवास गेटच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून माणूस आला. मागच्या खोलीत फोनच्या वायरीला डबी जोडली, पासवर्ड टाकला, "हो गया मैडम." चहा ढोसून गेला. अर्ध्या तासात कनेक्शन गायब. फोन केला तर म्हणतो, "लैपटॉप में ही दिक्कत है." दादाची वस्तू बिघडलेली, हे ऐकून जरा बरंच वाटलं.

७ फेब्रु.
शाळेतून आल्यावर तेच. नेटवर्कचं नाव दिसतं, जोडायला गेलं की नाहीसं. दादाचा फोन. "वीणा, बाजूचं वायरलेसचं बटण सरकवलंस का? नीट वाचत जा ना." मास्तरणीला हे शिकवणार! मग हळूच, "नाहीच जमलं तर रश्मी आहे इथे. ती सांगेल नाव."
रश्मी, वहिनीची बहीण. एकुलती एक आत्या जिवंत असताना मावशी नाव ठेवणार. फोन आपटला.

८ फेब्रु.
डबीवरचे दिवे बघायला गेले तर डबीच जागेवर नाही. वायरी लोखंडी कपाटाच्या फटीतून आत. कपाटाला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला.
"अगं, एवढी परदेशातून पाठवली त्याने. उघड्यावर कशी ठेवू?"
साड्यांच्या घडीत डबी! लोखंडाच्या आड कोंडल्यावर कनेक्शन मिळणार कसं? त्याचे साबण, अत्तरं, सगळं त्याच कपाटात वर्षानुवर्षं पडून. मी आणलेलं मात्र रोज वापरून झिजवायचं. खूप भांडले. आई रडली. डबी बाहेर काढल्याबरोबर सगळं झक्क चालू.
ईमेल आला. नाव नील. "इकडच्यांना उच्चारायला सोपं."
मुलगा झाला तर विनायक ठेवीन, असं त्याने बाबांना कबूल केलं होतं. फोनवर. तो फोन बाबांच्या कानाशी मी धरला होता.

१० फेब्रु., रवि.
चित्र अगदी स्वच्छ. बाळ बाबांवर गेलंय, कान तर तेच. वहिनी शालूत. रश्मी पाळण्याला खेटून, तयारीतच. आई माझ्या शेजारी.
कुर्रर्र केलं आणि वर्गात हजेरी घेते तशा आवाजात म्हणाले, "विनायक."
दादा हसता हसता थांबला. वहिनीने बाळाला पाळण्यातून उचललं. मग पडदा काळा.

११ फेब्रु.
दादाचा फोन. "अगं, ऐन वेळी कनेक्शन तुटलं. नाव ऐकूच आलं नाही. पुढच्या रविवारी परत करू. मेलमधलंच म्हण."
ऐकूच आलं नाही, तर बाळ उचललं कशाला? खोटारडा. मी फोन ठेवला.
आई घुगऱ्या भरत होती. शेजारच्या भाभी दारात. "पोते का नाम क्या रखा, अम्मा?"
"विनायक," आई म्हणाली आणि वाटी पुढे केली. त्या गेल्यावर माझ्याकडे न बघता, "त्याला सांगू नकोस हं, मी असं म्हटलं ते."
म्हणजे रविवारी मी काय करायचं?