कडेला कड

अमरावती,
गुरुवार, १० डिसेंबर १९६४

प्रिय देवमन,

जय भीम. गेल्या रविवारी अकोल्याला तुझ्या दवाखान्यात येऊन गेलो. काचेच्या कपाटात घागरीएवढं मेणाचं हृदय ठेवलंस आणि खाली फक्त तुझ्या नावाची पाटी. वर माझ्या खांद्यावर हात टाकून दोन डॉक्टरांना सांगितलंस, "हा आमच्या वलगावचा जानराव. काचा लय चांगल्या पुसते." तेव्हा मीही हसलो. त्या हसण्याची आता मला चीड येते.

वलगावहून अमरावतीच्या शाळेत आपण पायी यायचो. दोघांत एकच चपलांचा जोड, एक दिवस तुझा, एक माझा. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेताना तू माझा हात घट्ट धरला होतास. तू डॉक्टर झालास, मी प्रयोगशाळेत राहिलो, तरी पेढे मीच वाटले. परक्यानं माझं नाव पुसलं असतं तर त्याची सवय होती रे. तू पुसलंस.

हृदयाला भोक असलेल्या, जन्मतःच गेलेल्या एका बाळाचं हृदय मी मेणाच्या वडीत बसवून त्याचे दोनशे बारा पातळ काप केले. एकेक काप काचेवर घेतला, भिंगातून मोठा करून कागदावर रेखाटला. ती रेखाटनं मेणाच्या पत्र्यांवर उतरवून, ते पत्रे कापून एकावर एक रचले, की आतलं भोक कुठून कुठे जातं ते कळतं. दीड वर्ष गेलं त्यात. चैत्रात तू आलास आणि 'पाहून परत देतो' म्हणून सगळी रेखाटनं घेऊन गेलास.

पण नक्कल करायलाही अक्कल लागते. प्रत्येक कागदावर दोन काळे ठिपके होते, ते तू डाग समजून गाळलेस. ते केशरबाईचे केस होते, बाबा. कापण्याआधी हृदयाशेजारी मेणात दोन केस सरळ ताणून बसवले होते. "काहून जी, माह्या केसाचीबी तपासनी करून राहिले का?" म्हणून माझी बायको आठवडाभर मला चिडवत होती. ठिपक्यावर ठिपका आला तरच काप आपल्या जागी बसतो. तू नुसती कडेला कड जुळवलीस, आणि मुळात तिरपं गेलेलं भोक तुझ्या कपाटात सरळ झालं. मी उभ्या उभ्या ओळखलं.

या रविवारच्या सभेत नागपूरचे मोठे डॉक्टर तुझं हृदय पाहून तुझी प्रमुखाची जागा ठरवणार आहेत. त्या हृदयाचे काप माझ्याकडे आहेत, असं मी सोमवारीच त्यांना लिहिलं होतं. त्यांनी मलाही बोलावलंय. मूळ काचा आणि माझं हृदय घेऊन येतोय. तुझं बोलून झालं की उठून एवढंच विचारीन, भोक कोणत्या बाजूला झुकतं? हे पत्र शनिवारी तुला मिळेल अशा बेतानं टाकतोय. एका दिवसात मेणाचे दोनशे बारा पत्रे पुन्हा कापून होत नाहीत. आधी कळवतोय ते दया आली म्हणून नाही. तुला पडताना तर मी पाहणारच आहे. पण त्याआधी, आपण पडणार हे पक्कं ठाऊक असताना भाषण करताना मला तुला पाहायचंय.

तुझाच,
जानराव