सतरा नंबरची विचारणा

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मी, मच्छीमार बोटींच्या सहकारी संस्थेचा गेली सत्तावीस वर्षे कार्यालयीन सचिव, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि तुझा थोरला भाऊ, हे पत्र धक्क्यावर बसवायच्या दगडासंबंधी लिहीत आहे. इतके औपचारिक वाचून तू हसशील. पण तुझ्या आजारपणाचे शाळेचे अर्ज मी लिहायचो, तेव्हाही त्यांत ताप किती वाजता चढला ते असायचेच.

माझी प्रकृती बरी आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुर करतो, उतरताना गप्प असतो. कार्यालयाच्या छताची गळती अखेर थांबली. गवंड्याला चार वेळा बोलवावे लागले. वायरलेसचा नवा संच बसवला आहे. जुन्यात काही बिघाड नव्हता, असे तंत्रज्ञ म्हणत होता. तरीही मी तो बदलून घेतला. कारण पुढे सांगतो.

दगडाच्या सभेचे इतिवृत्त तुला मिळालेच असेल. ते मीच लिहिले. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात सतरा नंबरच्या बोटीवरचे चौघे गेले आणि दगडावर नावे तिघांचीच कोरायची, हा ठराव ‘सर्वानुमते’ झाला, असे त्यात आहे. सभेत काय झाले ते त्यात नाही. तुझे यजमान बोटीचे चालक, म्हणून त्यांचे नाव पहिले वाचले गेले. तेव्हा इंजिनवाल्याची बायको उठली आणि आवाज न चढवता म्हणाली, “ज्यानं हावेपायी त्यांना लांब नेलं, त्याचं नाव माझ्या माणसाच्या शेजारी नको.” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी लिहीत होतो.

त्या रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आलो. वाढता वाढता तू म्हणालीस, “दादा, राहू दे नाव. मलाही आता खात्री वाटत नाही. कदाचित चुकलंच असेल त्यांचं.” सहा वर्षे सगळ्या धक्क्याशी भांडणारी तू. मी वाटीतले संपवले, हात धुतले आणि घरी आलो.

हवामानपत्रक कसे असते, हे तू माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहेस की पाठ म्हणशील. अक्षांश अमुक ते तमुक, पूर्व-ईशान्य वारे पंधरा ते वीस नॉट, लाटा दीड ते अडीच मीटर, तुरळक सरी, दृश्यमानता चांगली. त्यात ‘बहुधा मला वाटते’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून मला ती भाषा आवडायची. आपल्या उष्ण पाण्यावर बहुतेक दिवस वारा एकाच बाजूने, एकाच जोराने वाहतो. पण एखादा कमी दाबाचा पट्टा खोल झाला की सकाळचे पत्रक दुपारपर्यंत रद्दी होते. नवे पत्रक आले की मी ते फळ्यावर लिहितो, वायरलेसवर वाचतो, आणि बोटी नंबरवारीने उत्तर देतात. “एक, ऐकलं.” “दोन, ऐकलं.” सगळे नंबर येईपर्यंत मी वेळ नोंदवत नाही.

पत्रकावर क्रमांक आणि शिक्का हवा, हा नियमही माझाच. त्या वादळाच्या दोन वर्षे आधी मी एक तोंडी निरोप वाचून दाखवला होता. सगळ्या बोटी जाळी गुंडाळून परत आल्या, आणि संध्याकाळपर्यंत समुद्र बशीतल्या दुधासारखा होता. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. मी त्याच दिवशी नियम टंकलिखित करून भिंतीवर लावला. तुझे यजमान तो वाचून म्हणाले होते, “दादा, आता वादळानंही आधी तुमच्याकडे नंबर लावायचा का?” सगळे हसले. मीही हसलो.

आता सतरा नंबरबद्दल.

तो नंबर आपण पुन्हा कोणाला दिला नाही. म्हणून सोळाने उत्तर दिले की थेट अठरा बोलतो. मध्ये अंतर पडायचे कारण नाही, तरी पडते. बटण दाबल्याचा बारीक आवाज येतो आणि मागे माणूस श्वास घेतो तसे काहीतरी. मी वेळा टिपून ठेवल्या. गेल्या वर्षभरात एकशे बारा वेळा. तंत्रज्ञाने तारा तपासल्या, संच बदलला. नव्या संचावर पहिल्याच दिवशी तेच. अठरावाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “सचिवसाहेब, तुमच्याकडूनच गॅप असतो. तुम्ही थांबता, म्हणून आम्ही थांबतो.” असेल. दोनदा असे झाले की भर दुपारी, रिकाम्या कार्यालयात, मी बोलण्याचे बटण दाबून “परत फिरा” असे स्पष्ट म्हणालो. दुसऱ्या वेळी शिपाई दारात चहा घेऊन उभा होता. त्याने कप ठेवला आणि काही न विचारता गेला.

चिमणे, मी या पत्राच्या मुद्द्याला अजून हात घातलेला नाही, हे मला दिसते आहे.

त्या दिवशी सकाळच्या पत्रकात वारा मध्यरात्रीनंतर वाढेल असे होते. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वेधशाळेतल्या निरीक्षकाचा फोन आला. पट्टा खोल झाला आहे, पश्चिमेला सरकतो आहे, सातच्या आत चाळीस नॉट आणि पाच मीटरच्या लाटा. फॅक्सची लाइन बंद असल्याने क्रमांकाचे पत्रक तासाभराने येईल. त्याचा आवाज घाबरलेला होता. मी सगळे एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घेतले आणि क्रमांक विचारला. तो म्हणाला, “क्रमांक अजून नाही हो, पण बोटींना सांगा.” मी म्हणालो, पत्रक येऊ द्या.

चार पंचविसाला कार्यालयाच्या वाहिनीवर सतरा नंबर आला. त्या वाहिनीवर दुसरे कोणी नव्हते. तुझे यजमान म्हणाले, “दादा, वारा तसाच आहे, पण पाणी खालून फुगतंय. काही नवीन आलंय का? जाळी उचलू?”

पाकीट माझ्या हाताखाली होते.

मी म्हणालो, “नवीन पत्रक नाही. सकाळचाच अंदाज कायम आहे.”

ते म्हणाले, “बरं. तुम्ही म्हणता तर थांबतो.”

पत्रक पाच पंधराला आले, पाच अठराला मी वाचले. सतरानेही उत्तर दिले आणि त्याच क्षणी बोट वळवली, असे त्यांच्यापेक्षा किनाऱ्याच्या बरीच जवळ असलेल्या बोटीने नंतर सांगितले. धक्का तिथून दोन तासांवर होता. वादळ सहा चाळीसला आले. चार पंचविसाला निघाले असते तर सहा पंचविसाला ते आत असते. हा हिशेब मी सहा वर्षे रोज करतो. पंधरा मिनिटे उरतात.

चौकशी समितीने मला विचारले, पत्रक केव्हा मिळाले? मी सांगितले, पाच पंधरा. नोंदवही दाखवली. फोनबद्दल कोणी विचारले नाही. अवांतर बोलणे वहीत लिहायचा प्रघात नव्हता, म्हणून अहवालात वाक्य आले, ‘समुद्रातील बदल जाणवल्यावर चालकाने कार्यालयाकडे विचारणा केल्याची नोंद आढळत नाही.’ ते वाक्य मीच टंकलिखित केले. त्यात एकही शब्द खोटा नाही. धक्क्यावर पोचेपर्यंत त्याचे ‘विचारलंच नाही’ झाले, पुढे ‘हावरा होता’ झाले. मी कोणालाही दुरुस्त केले नाही. उलट तुला मदत करणारा भला भाऊ म्हणून लोक मला मान देत राहिले, आणि तू दर रविवारी माझ्यासाठी ताट वाढलेस.

त्यांनी विचारले होते, चिमणे. वेळेवर विचारले होते, नीट शब्दांत विचारले होते, आणि माझ्यावर विश्वास ठेवून ते थांबले. हाव नव्हती.

हे सगळे मी वेळांसह निवेदनात लिहून आज सकाळी अध्यक्षांच्या हाती दिले आहे. पाकीटही जोडले आहे. ते मी फेकू शकलो नव्हतो. सोबत राजीनामा दिला. अध्यक्ष बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “हे सहा वर्षांपूर्वी का नाही?” मी सांगितले, तेव्हा मला कोणी विचारले नाही. बोलल्यावर माझे मलाच ते ऐकू आले. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

शनिवारच्या सभेत निवेदन वाचले जाईल. इंजिनवाल्याच्या बायकोपुढेही वाचले जाईल. ते मी स्वतः वाचेन. दगडावर चौथे नाव येईल असे अध्यक्ष म्हणाले. ते कसे लिहायचे हे तू ठरवायचे आहे, म्हणून कोरा कागद सोबत ठेवला आहे. सभेत चारचौघांत तुला हे प्रथम कळू नये, एवढ्यासाठी शिपायाच्या हाती हे पत्र आजच धाडतो.

या रविवारी मी जेवायला येत नाही. पुढच्याही नाही. तू बोलावलेस तरच येईन. नाही बोलावलेस तर तेच योग्य, असे समजेन. बोलावलेस आणि विचारलेस, तर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देईन. जो तू विचारणार नाहीस, त्याचेही.

तुझा
थोरला भाऊ

स्थळ : संस्थेचे कार्यालय, वायरलेसची खोली
दिनांक : १९ ऑक्टोबर, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे